परत येण्याची अट

अमेरिकेच्या ‘जे-१’ व्हिसाबद्दल विचारणारे तरुण आता आपल्या समाजातही दिसू लागले आहेत. कोणी संशोधनाला निघालेला असतो, कोणी वैद्यकीय प्रशिक्षणाला. त्यांना हवी असते कागदपत्रांची यादी. मला मात्र त्या नियमांमागचा इतिहास जास्त महत्त्वाचा वाटतो. कारण त्यात एक जुना प्रश्न दडलेला आहे: शिकून मोठा झालेला माणूस कोणाच्या उपयोगी पडावा?

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेचे बरेच युद्धसाहित्य परदेशांत पडून होते. ते विकून आलेला पैसा शैक्षणिक देवाणघेवाणीवर खर्च करावा, ही कल्पना सिनेटर विल्यम फुलब्राइट यांची. १९४६ मध्ये तसा कायदा झाला. २ फेब्रुवारी १९५० रोजी पंडित नेहरूंनी भारताच्या वतीने या योजनेच्या करारावर सही केली. माणसाने जावे, शिकावे, शिकवावे आणि परतावे, हा त्यामागचा हिशेब होता.

पण गेलेली माणसे तिकडेच राहू लागली, तर देवाणघेवाण कसली? म्हणून १९५६ मध्ये अट आली: अमेरिकेत कायम राहायचे असेल, तर आधी दोन वर्षे बाहेर काढा. १९६१ च्या कायद्याने ‘जे’ हा स्वतंत्र व्हिसा निर्माण केला आणि १९७० मध्ये ही अट काही गटांपुरतीच ठेवली. सरकारी पैशावर गेलेले आणि ज्यांच्या कौशल्याची मायदेशाला गरज असल्याचे ठरवलेल्या यादीत नमूद आहे, असे हे गट. १९७६ मध्ये वैद्यकीय प्रशिक्षण घेणारे डॉक्टरही त्यात आले. अट लागू असेल, तर मायदेशी दोन वर्षे राहिल्याशिवाय किंवा सूट मिळाल्याशिवाय ग्रीन कार्ड नाही, एच-१बी व्हिसाही नाही.

आता गंमत पाहा. अमेरिकेच्याच खेड्यापाड्यांत डॉक्टर कमी पडू लागले, तेव्हा १९९४ मध्ये त्याच अटीला वाट काढण्यात आली. डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे सेवा करा आणि सूट मिळवा. आधी प्रत्येक राज्याला वर्षाला अशा २० डॉक्टरांची मुभा होती, २००२ मध्ये ती ३० झाली. मायदेशाची गरज म्हणून घातलेली अट यजमानाच्या गरजेपुढे वाकली. मराठवाड्यातल्या एखाद्या तालुक्यालाही डॉक्टर हवाच होता, पण त्या निर्णयात त्याला विचारणार कोण?

डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने कौशल्यांची यादी बदलली आणि भारताचे नाव त्यातून वगळले. सरकारी निधीवर गेलेल्यांना व प्रशिक्षणार्थी डॉक्टरांना अट कायम आहे. केवळ यादीमुळे अडकलेले मात्र मोकळे झाले.

जाणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच. मान्यताप्राप्त प्रायोजक संस्था, तिने दिलेला डीएस-२०१९ फॉर्म, पुरेसे इंग्रजी, खर्चाची तजवीज आणि आरोग्य विमा यांवाचून पुढे जाता येत नाही. शिवाय दोन वर्षांची अट आपल्याला लागू आहे का, हे निघण्याआधीच विचारून घ्या. नंतर कळले तर नोकरी आणि संसार दोन्ही अडकतात. जरूर जा. पण कायद्याने मोकळे केले म्हणून गावाचे देणे फिटत नाही. ते फेडायला दरवेळी कायमचे परतावेच लागते असेही नाही. आपल्या मोहल्ल्यातल्या दोन मुलींना तोच रस्ता दाखवला, तरी देवाणघेवाण या शब्दाला अर्थ येईल.