न्यूयॉर्कमध्ये नेल सलूनसाठी ट्रेनी ठेवताना

न्यूयॉर्क राज्यात पैसे घेऊन नखांचे काम करायला परवाना लागतो. त्यासाठी मान्यताप्राप्त शाळेतला २५० तासांचा अभ्यासक्रम हा एक मार्ग. दुसरा २०१५ च्या कायद्याने खुला झाला: ट्रेनी म्हणून नोंदणी करायची, परवानाधारकाच्या देखरेखीखाली एक वर्ष काम करायचे आणि परीक्षा द्यायची. मात्र आधी नोंदणी, मग काम.

ट्रेनी ही नोकरदारच. तिच्याकडून शिकवणीचे पैसे घेऊ नयेत. पहिल्या दिवसापासून किमान वेतन द्यावे. १ जानेवारी २०२६ पासून न्यूयॉर्क शहरात ते तासाला १७ डॉलर झाले. गिऱ्हाइकाची टिप त्यात धरता येत नाही.

शनिवारच्या गर्दीत शिकवणे होत नाही. मंगळवार-बुधवारची सकाळ राखून ठेवा. सुरुवात अवजारांपासून करा: आधी साबणाने धुणे, मग बाटलीवर लिहिलेला पूर्ण वेळ जंतुनाशकात बुडवणे. नंतर फायलिंग, मग पॉलिश. क्यूटिकलचे काम सर्वांत शेवटी, कारण तिथे घाई केली की रक्त येते.

वर्षभर तिला फक्त झाडलोट आणि टॉवेल धुणेच दिले, तर परीक्षेत ती काय करणार? वर्ष तिचे वाया जाते आणि आपल्यालाही तयार हात मिळत नाही.