नाव कप्तानाचं, ओझं जानचं

आज आपण बोगनवेलीबद्दल बोलणार आहोत. शाळेच्या कुंपणावर, दवाखान्याच्या फाटकावर, मोठ्या रस्त्याच्या मधल्या पट्ट्यात, जिथे दुसरं काही तग धरत नाही तिथे ही वेल उन्हाळ्यात भरभरून फुललेली असते. तिला कुणी पाणी घालत नाही. तिचं फूल देवाला वाहायची रीत नाही. आणि कुंपण पाडायची वेळ आली की तिचा मांडीएवढा खुंट सरळ उकिरड्यावर जातो.

आमच्या गटातल्या बायका असे टाकलेले खुंट आणून त्यांचं बोन्साय करतात. विक्रीला बसलो की लोक हटकून दोन प्रश्न विचारतात. पहिला, “वेलीचं कधी बोन्साय होतं का?” आणि दुसरा, “ही वेल आपल्याकडचीच ना?” या दोन प्रश्नांची उत्तरं शोधता शोधता आमच्या हाती एक गोष्ट लागली. आधी दुसऱ्या प्रश्नाकडे वळू, कारण ती गोष्ट तिथेच आहे.

बोगनवेल या शब्दातला ‘वेल’ आपल्या कानाने घातलेला आहे. मूळ नाव एका फ्रेंच माणसाचं, लुई आंत्वान द बुगाँविल. त्याच्या नावावरून झाडाचं नाव पडलं बुगनविलिया. आपल्या लोकांनी ते ऐकलं, झाड वेलीसारखं चढताना पाहिलं, आणि नाव मराठी करून टाकलं. झाड मात्र दक्षिण अमेरिकेतलं आहे. आपल्या परसातली गुलबक्षी आणि शेतात, बांधावर उगवणारी घेटुळी म्हणजे पुनर्नवा, या दोघी तिच्याच कुळातल्या. तिची एक गंमत सांगतो. आपण ज्याला तिचं फूल म्हणतो ती रंगीत पानं असतात. खरी फुलं म्हणजे त्या पानांच्या आतल्या तीन बारीक नळ्या. बघणाऱ्याचं लक्ष त्यांच्याकडे जातच नाही.

तर हा बुगाँविल १७६६ मध्ये फ्रान्सहून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला. मोहिमेत दोन जहाजं होती, ‘बुदूझ’ आणि ‘एत्वाल’. दुसरं जहाज १७६७ च्या सुरुवातीला निघालं. त्यावर झाडांचा अभ्यासक म्हणून फिलिबेर कोमेरसाँ याची नेमणूक झाली होती. त्याच्याबरोबर त्याचा एक मदतनीस होता. कोमेरसाँची प्रकृती चांगली नसायची आणि पायाच्या जुन्या दुखण्याने त्याला फार चालवत नसे. डोंगर चढणं, झाडं तोडून आणणं, ती कागदात दाबून वाळवणं, वह्या-पेट्या आणि बंदुका वाहणं, ही कामं मदतनिसाकडे.

तो मदतनीस म्हणजे पुरुषाचे कपडे घातलेली जान बारे होती. १७४० मध्ये बर्गंडीतल्या एका खेड्यात, गरीब घरात तिचा जन्म झाला. कोमेरसाँची बायको वारल्यावर ती त्याचं घर सांभाळायची. फ्रेंच आरमाराच्या जहाजावर बाईला पाय ठेवायला बंदी होती. म्हणून तिने छाती बांधली, पुरुषाचं नाव घेतलं आणि शेकडो पुरुषांच्या मोहिमेत ती एकटी बाई गेली. शौचाला कुठे जायचं, आंघोळ कशी करायची, महिन्याचे दिवस कसे काढायचे, याचा विचार इतिहासाची पुस्तकं करत नाहीत. आपण मात्र तो केल्याशिवाय राहणार नाही. शेतात, बाजारात, कामावर दिवसभर आडोसा शोधणारी बाई ही गोष्ट लगेच समजू शकते.

१७६७ च्या जूनमध्ये दोन्ही जहाजं ब्राझीलमधल्या रिओ द जानेरोला भेटली. तिथे कोमेरसाँच्या संग्रहात एक काटेरी, रंगीत पानांची वेल आली. तिला त्याने कप्तानाचं नाव दिलं. कोमेरसाँच्या पायाची तेव्हाची अवस्था पाहता, ती फांदी प्रत्यक्ष तोडून आणणारे हात जानचेच असावेत असं अनेक अभ्यासकांना वाटतं. पुढे मॅगेलनच्या सामुद्रधुनीत, बर्फात आणि डोंगरात, शिधा, हत्यारं आणि झाडांच्या वह्या घेऊन ती किती चिवटपणे हिंडली, हे खुद्द बुगाँविलने आपल्या प्रवासवर्णनात नोंदवलं आहे. तिच्या या ताकदीमुळे कोमेरसाँ तिला ओझ्याचं जनावर म्हणायचा, असंही तो लिहितो. कौतुकाने म्हणत असेल. आपल्याकडेही “आमची सून म्हणजे घरातला बैल आहे” असं कौतुकानेच म्हणतात.

१७६८ मध्ये ताहिती बेटाच्या सुमारास तिचं गुपित फुटलं. बुगाँविलच्या म्हणण्याप्रमाणे तिने डोळ्यांत पाणी आणून आपण बाई असल्याचं कबूल केलं. त्याच वर्षाच्या अखेरीला जहाजं मॉरिशसला लागली, आणि कोमेरसाँ आणि जान तिथेच उतरले. हे तेच मॉरिशस, जिथे पुढच्या शतकात आपल्या कोकणातून माणसं मजुरीला गेली. कोमेरसाँ १७७३ मध्ये तिथे वारला. परक्या मुलखात एकटी राहिलेली जान पोर्ट लुईमध्ये दारूचा गुत्ता चालवून पोट भरू लागली. १७७४ मध्ये तिने एका फ्रेंच सैनिकाशी लग्न केलं आणि त्यानंतर ती मायदेशी परतली. तेव्हा तिची पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण झाली. असा फेरा पूर्ण केल्याची नोंद असलेली ती पहिली बाई. १७८५ मध्ये फ्रान्सच्या आरमार खात्याने तिला वर्षाला २०० लिव्र पेन्शन मंजूर केलं आणि त्या कागदात तिला असामान्य स्त्री म्हटलं. १८०७ मध्ये ती गेली.

आता नावांचा हिशेब करू. १७८९ मध्ये पॅरिसच्या ज्यूसिए नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने कप्तानाच्या नावाची ती वेल पुस्तकात छापली आणि ते नाव पक्कं झालं. कोमेरसाँचं नाव सत्तरहून अधिक वनस्पतींना लागलं. जानचं नाव कोमेरसाँने एका झाडाला द्यायचं ठरवलं होतं, पण ते टिकलं नाही. शेवटी २०१२ मध्ये, म्हणजे ती वारल्यावर दोनशे वर्षांनी, वांग्या-बटाट्याच्या कुळातल्या एका नव्या वनस्पतीला शास्त्रज्ञांनी तिचं नाव दिलं. दक्षिण इक्वेडोर आणि उत्तर पेरूमध्ये सापडणारी ही वनस्पतीसुद्धा वेलच आहे.

बायकांची नावं बोगनवेलीला लागलीच नाहीत असं नाही. गडद लाल रंगाची ‘मिसेस बट’ जात कोलंबियातल्या कार्ताहेना शहरातल्या एका बागेत १९१० च्या सुमारास मिसेस बट नावाच्या बाईंच्या नजरेत भरली. त्यांनी ती त्रिनिदादला आणली आणि तिथून ती जगभर गेली. एकाच वेलीवर पांढरा आणि गुलाबी रंग दाखवणारी ‘मेरी पामर’ ही तर आपल्या कोलकात्याच्या बागेतली. पण अशी नावं पाहिली की लक्षात येतं, बहुतेक बागवाल्या साहेबांच्या घरच्या बायका. वाफे खणणाऱ्या, कलमं बांधणाऱ्या, झारीने पाणी घालणाऱ्या बाईचं नाव कुठल्याही जातीला नाही.

आता पहिला प्रश्न, वेलीचं बोन्साय होतं का? होतं, आणि ही काही आजची गोष्ट नाही. ताटलीएवढ्या भांड्यात झाड आणि दगड मांडायची कला मूळ चीनची. चीनची सम्राज्ञी वू हिच्या एका मुलाच्या थडग्यात ७०६ सालची भिंतीवरची चित्रं आहेत. त्यात असं भांडं हातात धरलेले सेवक दिसतात. तिथून ही कला जपानला गेली आणि तिथे तिला बोन्साय नाव मिळालं. ‘बोन’ म्हणजे पसरट भांडं आणि ‘साय’ म्हणजे लावलेलं रोप. आपण तिला वामनवृक्ष म्हणतो. जपानी लोकांनी देवदार-चीडसारख्या झाडांबरोबर फुजी नावाच्या वेलीचंही बोन्साय केलं. तिचे जांभळे घोस खाली लोंबतात. उष्ण मुलखात जपानी चीड जगत नाही. म्हणून आपल्यासारख्या ठिकाणी लोकांनी जवळची झाडं हाती घेतली. वड, पिंपळ, उंबर आणि बोगनवेल.

कुठलीही वेल मात्र चालत नाही. मनी प्लांटचं बोन्साय करून द्या म्हणणारे भेटतात. ज्या वेलीचं खोड लाकूड होतं तिचंच बोन्साय होतं. बोगनवेल अशी आहे. तिला काकडीसारखे धरायचे धागे नसतात. ती काट्यांच्या आधाराने दुसऱ्यावर रेलते. आधार काढून घेतला आणि वेळच्या वेळी छाटलं, तर तिचं खोड जाड होतं आणि ती स्वतःच्या बुंध्यावर उभी राहते.

आमची पद्धत सांगतो. काडी लावली तर रोप सहज येतं, पण खोड जाड व्हायला खूप वर्षं जातात. म्हणून जुना खुंट शोधावा. जागेच्या मालकाला विचारून, पहिले चांगले दोन पाऊस झाल्यावर तो खणावा. वरून हातभर ठेवून बाकी कापावा. मुळं करवतीने स्वच्छ कापावीत, कुऱ्हाडीने ठेचू नयेत. मोठ्या कापावर बोर्डो मलम लावावं, कारण हिचं लाकूड मऊ असतं आणि लवकर कुजतं. मातीत वाळू किंवा विटांचा चुरा भरपूर हवा. कुंडीत पाणी साचलं की खुंट गेलाच. कोंब फुटेपर्यंत सावलीत ठेवावा आणि अजिबात हलवू नये, कारण नवी मुळं केसासारखी नाजूक असतात. एक-दोन वर्षं त्याला मोकळं वाढू द्यावं, मगच पसरट कुंडीत घ्यावं. फांदी कोवळी असतानाच तारेने वळवावी. लाकूड झाल्यावर वाकवाल तर कट्‌कन मोडते. तार सालीत रुतायच्या आधी काढावी. फुलांसाठी दिवसभराचं कडक ऊन हवं, आणि पाणी जरा ताणून द्यावं. लाडाने रोज पाणी घातलं तर नुसती पानंच येतात. फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून एक बहर संपला की सिकेटर चालवायचं.

इथे एका मावशींनी बैठकीत विचारलेला प्रश्न सांगायला हवा. त्या म्हणाल्या, “आपलं सगळं आयुष्य काटछाट करून घेण्यात गेलं, आता आपणच झाडाचं तेच करायचं?” बायकांचं बोन्साय झालं असं भाषणांत ऐकतोच आपण. त्यावर बराच वेळ बोलणं झालं. एक म्हणाली, हा खुंट नाहीतर चुलीत गेला असता. दुसरी म्हणाली, छाटल्यावर ही फुलते, आपण कुठे फुललो? मावशींचं समाधान झालं असं नाही. त्या आजही छाटणी करत नाहीत, फक्त माती कालवतात आणि पाणी बघतात. गटात त्यालाही जागा आहे.

पण जानची गोष्ट कळल्यावर आम्हाला दुसरीच एक गोष्ट जास्त बोचली. एका प्रदर्शनात आमच्या बायकांनी चार-चार वर्षं वाढवलेल्या कुंड्या भलत्याच पाटीखाली मांडलेल्या आम्ही पाहिल्या. त्या आम्ही ठोक भावात विकल्या होत्या, त्यामुळे पैशाबद्दल तक्रार नाही. पण पाटीवर ‘निर्मिती’ असा शब्द होता आणि पुढे दुसऱ्याचंच नाव. आम्ही काही बोलू शकलो नाही, कारण दाखवायला आमच्याकडे कागद नव्हता. बचतीच्या प्रत्येक रुपयाची नोंद ठेवणाऱ्या आम्ही, आणि चार वर्षांच्या कामाची एक ओळ नाही!

नोंदीचं मोल किती असतं, त्याचं एक उदाहरण सांगतो. जपानच्या यामाकी कुटुंबाने एक जुनं चीडाचं बोन्साय १९७६ मध्ये अमेरिकेला भेट दिलं. ते वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. १६२५ पासून ते कुंडीत वाढवलेलं आहे. पण हे झाड १९४५ मध्ये हिरोशिमाच्या अणुबॉम्बमधून वाचलेलं आहे, हे संग्रहालयाला २००१ पर्यंत माहीत नव्हतं. त्या वर्षी यामाकींचे नातू झाड बघायला आले आणि त्यांनी सांगितलं, तेव्हा कळलं. बॉम्ब पडला तिथून ते घर जेमतेम तीन किलोमीटरवर होतं. नातू आले नसते तर ते नुसतं एक सुंदर जुनं झाड राहिलं असतं.

म्हणून आता आमच्या प्रत्येक कुंडीची वही आहे. खुंट कुठून आणला, कोणी खणला, कुठल्या महिन्यात मुळं कापली, तार कोणी बांधली, पहिली फुलं कधी आली, सगळं त्यात लिहिलेलं असतं. जिला लिहिता येत नाही तिच्यासाठी दुसरी लिहिते आणि ती खाली अंगठा उठवते. कुंडी विकली की वहीची एक प्रत बरोबर जाते. काही गिऱ्हाईकं ती तिथेच ठेवून जातात. काही जण मात्र उभ्या उभ्या वाचतात आणि विचारतात, “यातल्या या बाई कोण?” मग आम्ही बोट करून दाखवतो.

मैत्रिणींनो, तुम्ही बोन्साय करा किंवा करू नका. पापड लाटत असाल, गोधडी शिवत असाल, बी राखत असाल, तर एक वही आजच घाला. पहिल्या पानावर तारीख टाका आणि काम करणारीचं पूर्ण नाव लिहा. खुंट खणायला पाऊस पडेपर्यंत थांबायचं आहे, वहीला थांबायचं कारण नाही.