साठवण कोठ्यांचे बिनतारी पातळी-निरीक्षण

साठवण कोठ्यांचे बिनतारी पातळी-निरीक्षण म्हणजे कारखाने, गिरण्या, गोदामे व वीजकेंद्रे यांतील सायलो, बंकर, हॉपर किंवा सुट्या भागांचे डबे यांत किती माल शिल्लक आहे, हे संवेदकांच्या साहाय्याने ठरावीक अंतराने मोजून ते रेडिओ लहरींद्वारे नियंत्रण कक्षाकडे पाठविण्याची पद्धत होय. धान्य, सिमेंट, राख, कोळसा, पशुखाद्य, प्लॅस्टिकचे दाणे अशा सुट्या घन मालासाठी ती वापरली जाते. माणसाला कोठीवर चढावे न लागणे आणि माल संपण्यापूर्वी सूचना मिळणे हे तिचे दोन मुख्य लाभ आहेत. मात्र बहुतेक संवेदक साठा मोजत नाहीत, तर मालाच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर मोजतात. त्या अंतरावरून साठ्याचे वजन हिशेबाने काढले जाते व पद्धतीची अचूकता या हिशेबावर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात धान्य साठविण्यासाठी कणगी, कोठी, बळद व पेव ही साधने पूर्वापार वापरात होती. कणगीतील धान्य डोळ्यांनी पाहता येई. जमिनीखालील पेवात मात्र उतरावे लागे. बंद पेवात धान्याच्या श्वसनामुळे कार्बन डायऑक्साइड साचतो व प्राणवायू घटतो. म्हणून पेव उघडल्यावर ते काही काळ तसेच ठेवून मगच आत उतरण्याची प्रथा होती. आजच्या पोलादी वा काँक्रीटच्या उंच सायलोतही हा धोका कायम आहे.

कारखान्यांत प्रारंभी दोरीला वजन बांधून ते वरच्या झरोक्यातून सोडत आणि दोरीच्या लांबीवरून पातळी ओळखत. पुढे हेच काम विजेच्या मोटरीने होऊ लागले. फिरत्या पात्याचा स्विच हे दुसरे जुने साधन आहे. माल पात्यापर्यंत पोहोचला की पाते थांबते व कोठी भरल्याचा इशारा मिळतो. असा स्विच केवळ ‘भरली’ किंवा ‘रिकामी’ एवढेच सांगतो. मधली स्थिती सांगत नाही.

संवेदकांचे प्रकार

श्रवणातीत संवेदक कोठीच्या छतावर बसवतात. तो ध्वनिस्पंद खाली सोडतो व प्रतिध्वनी परत येण्यास लागणाऱ्या वेळेवरून अंतर काढतो. तो तुलनेने स्वस्त असतो, परंतु धूळ व तापमान यांचा त्याच्यावर परिणाम होतो. हवेतील ध्वनीचा वेग २० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, तर ४५ अंशांना सुमारे ३५८ मीटर असतो. तापमानाची दुरुस्ती न केल्यास १० मीटरचे अंतर सुमारे ९.६ मीटर दिसते, म्हणजे साठा प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवला जातो. विदर्भाच्या उन्हाळ्यात ही दुरुस्ती अनिवार्य ठरते.

रडार संवेदक सूक्ष्मलहरी वापरतो. या लहरींवर हवेच्या तापमानाचा परिणाम नगण्य असतो व धुळीतूनही त्या पार जातात. सुट्या घन मालासाठी ८० गिगाहर्ट्झ पट्ट्यातील रडार बाजारात आहेत. त्यांचा झोत अरुंद असल्याने भिंती, शिड्या व आडव्या पट्ट्यांवरून येणारे खोटे परावर्तन टाळता येते. कोरडे धान्य किंवा प्लॅस्टिकचे दाणे यांवरून मात्र परावर्तन क्षीण मिळते.

भारमापक संवेदक, म्हणजे लोडसेल, कोठीच्या पायांखाली बसवतात. ते अंतर न मोजता थेट वजन देतात, त्यामुळे मालाच्या ढिगाचा आकार कसाही असला तरी चालतो. परंतु उभ्या असलेल्या मोठ्या सायलोखाली ते नंतर बसविणे खर्चिक व अवघड असते.

लहान सुट्या भागांच्या डब्यांसाठी वजनकाटा किंवा कॅमेरा वापरतात. या प्रकारामागे जपानच्या टोयोटा कंपनीत ताइइची ओनो यांनी विकसित केलेली ‘कानबान’ पद्धत आहे. तिच्या दोन डब्यांच्या रूपात एक डबा रिकामा झाला की तोच नव्या मागणीची खूण ठरतो. जर्मनीतील व्यूर्थ समूहाने २०१३ मध्ये कॅमेरा बसविलेला डबा सादर केला. तो आतील शिल्लक स्वतः टिपून मागणी नोंदवतो.

बिनतारी संदेशवहन

कोठ्या अनेकदा आवारात दूरदूर विखुरलेल्या असतात. प्रत्येकीपर्यंत तार नेण्यासाठी चर खणणे व नळ्या टाकणे यांचा खर्च संवेदकाच्या किमतीहून अधिक होऊ शकतो. बिनतारी पद्धतीत हा खर्च वाचतो.

औद्योगिक वापरासाठीचे वायरलेस-हार्ट हे मानक २००७ मध्ये आले व २०१० मध्ये त्याला आयईसी ६२५९१ हा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. त्यात प्रत्येक उपकरण शेजारच्या उपकरणाचा संदेश पुढे पाठवू शकते. लांब पल्ल्याच्या व कमी विजेच्या वापरासाठी लोरावॅन ही पद्धत प्रचलित आहे. तिचा प्रसार करणारी लोरा अलायन्स ही संघटना २०१५ मध्ये स्थापन झाली. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ मध्ये कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त करण्यात आला व पुढे त्याची मर्यादा ८६८ मेगाहर्ट्झपर्यंत वाढविण्यात आली.

पोलादी पत्रा रेडिओ लहरी अडवतो, म्हणून अँटेना कोठीच्या बाहेर, सहसा छतावर असावी लागते. बॅटरी दीर्घकाळ टिकावी यासाठी उपकरण बहुतेक वेळ निद्रिस्त राहते व ठरलेल्या वेळी जागे होऊन एक आकडा पाठवते. तापलेल्या पत्र्यालगत बॅटरीचे आयुष्य घटते.

पातळीवरून साठा

समजा, एका सायलोचा व्यास ६ मीटर आहे व त्यात घनमीटरला सुमारे ७५० किलो भरणारे सोयाबीन आहे. अशा सायलोचे क्षेत्रफळ सुमारे २८.३ चौरस मीटर असते. म्हणजे १ मीटर पातळी म्हणजे सुमारे २१ टन व केवळ १० सेंटिमीटरची चूक म्हणजे सुमारे २१ क्विंटलची चूक.

याहून मोठी चूक ढिगाच्या आकाराने होते. मध्यभागी ओतलेले धान्य सपाट न पसरता शंकूसारखे साचते. उताराचा कोन २५ अंश धरल्यास वरील सायलोत शंकूची उंची सुमारे १.४ मीटर होते. संवेदकाने फक्त शिखर मोजले व पृष्ठभाग सपाट मानला, तर साठा सुमारे २० टनांनी, म्हणजे २०० क्विंटलांनी, जास्त दिसतो. माल तळातून काढू लागल्यावर मध्यभागी खळगा पडतो व चूक उलट दिशेने होते. यावर उपाय म्हणून संवेदक भिंत व केंद्र यांच्यामधील योग्य अंतरावर बसवतात, मोठ्या कोठीत एकाहून अधिक संवेदक लावतात किंवा पृष्ठभागाचा त्रिमितीय नकाशा काढणारे उपकरण वापरतात.

मालाची घनताही स्थिर नसते. ती ओलावा, दाण्याचा आकार व वरच्या थरांचा दाब यांनुसार बदलते. म्हणूनच व्यापारी व्यवहारासाठी पातळीचा आकडा ग्राह्य धरला जात नाही. त्यासाठी वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ नुसार पडताळणी व मुद्रांकन झालेला वजनकाटाच लागतो.

सुरक्षितता

सायलोतील मालावर उभ्या असलेल्या माणसाखालून माल काढला गेल्यास तो काही सेकंदांत त्यात रुतू शकतो. आत पोकळी धरून राहिलेला थर अचानक कोसळण्याचाही धोका असतो. कारखाने अधिनियम, १९४८ मधील कलम ३६ हे घातक वायू असलेल्या टाक्या, खड्डे व बंदिस्त जागांतील प्रवेशासंबंधी होते, तर कलम ३७ स्फोटक वा ज्वालाग्राही धूळ व वायूंसंबंधी होते. धान्य, कोळसा व पीठ यांची धूळ स्फोटक असल्याने तेथे बसवायचे संवेदक अशा वातावरणासाठी प्रमाणित असावे लागतात. दुरून मिळणाऱ्या आकड्यामुळे केवळ पातळी पाहण्यासाठी शिडी चढणे वा आत डोकावणे टळते.

राळेगाव व परिसर

राळेगाव हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. वर्धा नदीच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीच्या या भागात कापूस, सोयाबीन व तूर ही मुख्य पिके आहेत. येथील शेतमाल प्रामुख्याने पोत्यांत व सपाट गोदामांत साठवला जातो. पोती मोजून नोंद करता येते, त्यामुळे तेथे पातळी-संवेदकाची गरज नसते. जिनिंगमधून निघणारी सरकी सायलोसाठी गैरसोयीची असते. तिच्यावर राहिलेल्या आखूड तंतूंमुळे दाणे एकमेकांत गुंततात, मालाची कमान तयार होते व तो खाली वाहत नाही. कमानीखाली पोकळी असली तरी वरून मोजणारा संवेदक कोठी भरलेलीच दाखवतो. याउलट सोयाबीन गुळगुळीत व सहज वाहणारे असल्याने सायलो व संवेदक या दोहोंना अनुकूल आहे.

जिल्ह्यात व शेजारी अशा पद्धतीला योग्य मोठे उद्योगही आहेत. झरी जामणी तालुक्यातील मुकुटबन येथील सिमेंट कारखाना २०२२ मध्ये सुरू झाला. चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूर, आवारपूर व घुग्घुस येथे सिमेंट कारखाने असून चंद्रपूर येथे महाऔष्णिक वीजकेंद्र आहे. सिमेंट व उडती राख हा धुळीचा माल सायलोतच ठेवावा लागतो. वारंवार भरल्या व रिकाम्या होणाऱ्या या सायलोंत पातळी अखंड कळणे उत्पादनासाठी आवश्यक असते.

शेतकऱ्याच्या दृष्टीने साठ्याच्या खऱ्या आकड्याचे महत्त्व तारण कर्जात दिसते. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत राबवली जाते. तीत सोयाबीन, तूर इत्यादी मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम १८० दिवसांसाठी ६ टक्के व्याजाने मिळते, त्यामुळे काढणीच्या वेळी पडलेल्या भावात विक्री टाळता येते. देशपातळीवर गोदाम (विकास व नियमन) अधिनियम, २००७ लागू असून २०१७ पासून इलेक्ट्रॉनिक परक्राम्य गोदाम पावत्यांची सोय आहे. पावतीवरील वजन काट्यावरच ठरते. पण त्यानंतर माल जागेवर आहे की नाही, याची रोजची खातरजमा पातळी-निरीक्षणाने होऊ शकते.

मर्यादा

संवेदक मालाची प्रत, ओलावा किंवा कीड ओळखत नाही. त्यासाठी तापमान व आर्द्रता मोजणाऱ्या तारा धान्यात वेगळ्या सोडाव्या लागतात. संवेदकावर साचलेली धूळ, संपलेली बॅटरी व वीज पडणे ही बिघाडाची नेहमीची कारणे आहेत. संदेश येणे थांबल्यावर पडद्यावर जुनाच आकडा दिसत राहिला तर फसगत होते, म्हणून प्रत्येक आकड्यासोबत मापनाची वेळ दाखविणे व ठरावीक काळाने वजनकाट्याशी ताळमेळ घालणे आवश्यक असते.

हे सुद्धा पहा

पेव
सायलो
कानबान
राळेगाव तालुका
शेतमाल तारण कर्ज योजना