१४. वाफेचा माणूस
एडवर्ड एलिस यांच्या ‘द स्टीम मॅन ऑफ द प्रेअरीज’ (१८६८) या दहा सेंटांच्या कादंबरीतले यंत्र. सेंट लुईसचा जॉनी ब्रेनर्ड हा कुबड असलेला कल्पक मुलगा ते घडवतो. उंची सुमारे १० फूट, धडात बाष्पक, डोक्यावरची उंच टोपी म्हणजेच धुराडे. मागची गाडी ओढत ते अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या गवताळ माळरानावर धावते. कल्पना निव्वळ हवेतली नव्हती : न्यूअर्कच्या झेडॉक डेडरिक व आयझॅक ग्रास यांना अशाच वाफमानवाचे पेटंट मार्च १८६८मध्ये मिळाले होते. कादंबरीत मूळ रहिवासी केवळ शत्रू म्हणून येतात, हे चित्रण अन्यायकारक आहे.