‘३२(२)च्या नोटिशी’चे कूळ

धुळे जिल्ह्यातल्या नरडाण्यासारख्या औद्योगिक वसाहतीसाठी जमीन घ्यायचे ठरले, की खातेदाराच्या हाती ‘३२(२)ची नोटीस’ पडते. महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ मधले हे कलम. तुमची जमीन का घेऊ नये याचे कारण दाखवा, असे ते सांगते. पुढचे पोटकलम म्हणणे मांडायची संधी देते आणि मगच हुकूम होतो. पदवीच्या वर्गात या सुनावणीला नैसर्गिक न्यायाचे तत्त्व म्हणतात आणि तिचा धागा थेट राज्यघटनेला नेऊन बांधतात. माझ्या मते तिचे खरे कूळ कलकत्त्याच्या एका हरलेल्या दाव्यात आहे.

सार्वजनिक कामासाठी जमीन घेण्याचा अधिकार बंगालच्या १८२४ च्या रेग्युलेशनपासून चालत आला आणि १८९४ च्या भूसंपादन कायद्यात स्थिरावला. त्या कायद्यात मोबदल्यावर भांडता येत होते, पण ‘जमीन घेऊच नका’ असे म्हणून सुनावणी मागण्याचा हक्क मालकाला नव्हता. बँक ऑफ बेंगॉलच्या विस्तारासाठी कलकत्त्यातली मिळकत घेतली जात असताना एझ्रा नावाच्या मालकाने हाच प्रश्न कोर्टात नेला. १९०२ मध्ये कलकत्ता हायकोर्टात आणि १९०५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलमध्ये तो हरला. कलेक्टरचे काम न्यायदानाचे नसून प्रशासकीय आहे, त्याचा निवाडा म्हणजे सरकारने देऊ केलेली किंमत, असे ठरले. कायद्यातले भगदाड या निकालाने उघडे पडले. १९२३ च्या दुरुस्तीने ते बुजवले आणि कलम ५-अ आले: ३० दिवसांत लेखी हरकत, कलेक्टरपुढे स्वतः किंवा वकिलामार्फत सुनावणी, मग सरकारकडे अहवाल. नरडाण्यावरून जाणारी तापी खोऱ्यातली रेल्वे या दुरुस्तीच्या कितीतरी आधी झाली. ज्या शिवारात एमआयडीसीच्या नोटिशीला उत्तर देता येते, तिथेच रूळ पडले तेव्हा हरकतीच्या सुनावणीचे कलम कायद्यात नव्हते.

यावर पहिला आक्षेप असा की, सुनावणीचे तत्त्व इंग्रजी कॉमन लॉमधून आले. १८६३ च्या कूपर खटल्यात, कायदा मुका असतानाही, घर पाडण्यापूर्वी मालकाला ऐकायला हवे होते असे तिथल्या कोर्टाने म्हटलेच होते. पण हाच दाखला माझ्या बाजूने बोलतो. कूपरनंतर चाळीस वर्षांनीही एझ्राला ते तत्त्व तारू शकले नाही. भूसंपादनात हक्क मिळाला तो कायद्यात कलम घातल्यावरच. दुसरा आक्षेप आपल्या परंपरेचा. मराठेशाहीत वादी-प्रतिवादींचे करीने (लेखी हकिगती) घेत, निवाडा मान्य करू असा राजीनामा लिहून घेत. मग ‘ऐकून घेणे’ उपरे कसे? ते उपरे नव्हतेच. पण गोतसभेपुढे, म्हणजे गावकी-भाऊबंदांच्या न्यायसभेपुढे, भांडणारे बहुधा दोन वतनदार असत. इथे जमीन मागणारे आणि हरकत ऐकणारे दोन्ही सरकारच. ही अडचण वेगळी, म्हणून तिच्यावरची तोडही वेगळी.

१९६१ च्या मसुदाकारांसमोर ५-अ होते, हा माझा तर्क आहे. आधी नोटीस, मग हरकत, मग सुनावणी, शेवटी जमीन सरकारात जमा: क्रमाचे हे साम्य योगायोगाचे वाटत नाही. फरक एवढाच की एमआयडीसीच्या कायद्याने सुनावणीची पायरी संपादनाच्या अधिसूचनेच्या अलीकडे आणली. त्यात दुखणेही वारशाने आले: ऐकणारा एक, ठरवणारा दुसरा. आंध्रातल्या बसमार्गांच्या राष्ट्रीयीकरणात सचिवाने ऐकले आणि मुख्यमंत्र्यांनी ठरवले, तेव्हा १९५८ च्या गुल्लापल्ली निकालात सुप्रीम कोर्टाने अशी सुनावणी पोकळ ठरवली. हरकतदाराने मुद्देसूद लेखी म्हणणे आणि कारणांसह हुकूम यांचा आग्रह धरायचा तो यासाठीच.

मग घटनेचे काय? मालमत्तेचा हक्क १९७८ च्या ४४व्या दुरुस्तीने मूलभूत हक्कांतून निघून अनुच्छेद ३००-अ मध्ये गेला. मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या एका ओळीच्या अनुच्छेदातून सात हक्क उलगडले. पहिले दोन म्हणजे नोटीस आणि सुनावणी. दावा पुन्हा कलकत्त्याचाच, या वेळी तिथल्या महापालिकेचा. म्हणजे आधी कलम आले आणि त्याला घटनेचे बळ मागाहून मिळाले. हा क्रम कळलेला विद्यार्थी घटना आणि प्रशासकीय कायदा वेगळ्या वह्यांत ठेवणार नाही, आणि ३२(२)च्या नोटिशीला उत्तर देणे ही निव्वळ औपचारिकता आहे असे कोणा खातेदाराला सांगणार नाही.