दावणीला बांधण्याआधी

पुण्या-मुंबईत कामावर जाताना कुत्र्याला दिवसभर पाळणाघरात सोडायची पद्धत आता रुळली आहे. दारातच लसीकरणाचं पुस्तक मागतात, अंगावर गोचीड आहे का बघतात, खोकतो का म्हणून विचारतात. जागा चांगली असेल तर विष्ठेचा आणि रक्ताचा अहवालही दाखवावा लागतो. हे सगळं नवं, शहरी आणि जरा लाडाचं वाटतं. पण अनेक घरची जनावरं एका ठिकाणी ठेवायची आणि आत घेण्याआधी ती धड आहेत का हे बघायचं, हा प्रश्न जालना जिल्ह्याला निदान दोनशे वर्षं पडत आला आहे. तिथे कुत्र्यांच्या जागी गाई, बैल आणि घोडे होते, आणि पाळणाघर कधी आखराचं, कधी पागेचं, कधी चारा छावणीचं होतं.

आखर म्हणजे गावाबाहेरची गुरं जमवायची जागा. सकाळी धारा काढून झाल्या की घराघरांतली गुरं तिथे आणून सोडायची आणि पुढे दिवस मावळेपर्यंत ती गुराख्याच्या हवाली. गायरानात चारून, ओढ्यावर पाणी पाजून तो ती परत आणायचा. मोबदला वर्षाच्या धान्यातून, शिवाय सणासुदीला भाकरी-पोळी. या माणसाला गावातलं एकूण एक जनावर ओळखीचं. कोणती म्हैस रोज आधी पाण्यात शिरते, कोणता गोऱ्हा कळपाच्या पुढे पळतो, हे त्याला पाठ असे. म्हणून रोज पुढे चालणारी गाय एखाद्या दिवशी मागे रेंगाळली की त्याची नजर तिच्यावर खिळायची. नाकपुडी कोरडी पडली आहे का? रवंथ थांबलं आहे का? तोंडातून लाळेची तार लोंबते आहे का, खुरात काही झालंय का? संध्याकाळी मालकाच्या दारात तो सांगून जायचा, 'उद्या हिला पाठवू नका, अंगात कसर आहे.' आजच्या भाषेत ही लवकर निदानाची सगळ्यात स्वस्त व्यवस्था होती. तिचं बळ एवढंच, की जनावर काल कसं होतं हे बघणाऱ्याला ठाऊक असे.

तिची मर्यादाही तिथेच होती. लाळ-खुरकूत झालेलं जनावर तोंडात फोड दिसण्याआधीच विषाणू बाहेर टाकू लागतं. गुराख्याला लाळ दिसेपर्यंत अख्खा कळप एकाच डबक्यावर पाणी पिऊन मोकळा झालेला असे.

गावच्या कळपातली जनावरं निदान रोज भेटणारी होती. फौजेबरोबर आलेली परकी असत. 23 सप्टेंबर 1803 रोजी भोकरदन तालुक्यातल्या असईला, केळणा आणि जुई नद्यांच्या संगमाजवळ, ईस्ट इंडिया कंपनीचा सेनानी आर्थर वेलस्लीने शिंदे आणि भोसल्यांच्या फौजेला गाठलं. जालन्याचा किल्ला त्याच महिन्याच्या सुरुवातीला कर्नल स्टीव्हन्सनने घेतला होता. असईची लढाई पाठ्यपुस्तकात तोफा आणि पलटणींची म्हणून येते. वेलस्लीची त्या काळातली पत्रं वाचली तर त्याची निम्मी चिंता बैलांची दिसते. तोफा आणि दाणागोटा ओढायला त्याच्याकडे म्हैसूरकडचे अमृतमहाल जातीचे बैल होते. ते मेले की मोहीम थांबली. धान्य पुरवायला बंजाऱ्यांचे तांडे होते आणि त्यांच्या लमाण बैलांचे कळप निराळेच. इतक्या मुलखांतली इतकी जनावरं एकाच नदीवर पाणी प्यायली, की कुठला रोग कुठून आला हे विचारायला कुणाला उसंत नसणार.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जालन्याला कायमची लष्करी छावणी झाली आणि हैदराबाद कंटिंजंटचं, म्हणजे निजामाच्या खर्चाने ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखाली ठेवलेल्या फौजेचं, घोडदळ तिथे राहू लागलं. 1903 मध्ये कंटिंजंट मोडेपर्यंत हा सगळा पसारा होता. या घोडदळाची शिलेदारी पद्धत आपल्या विषयाला फार उपयोगी आहे. शिलेदारीत घोडा सरकारचा नसे, स्वाराचा स्वतःचा असे. सरकार त्याला ठरीव पगार देई आणि घोडा, खोगीर, दाणा त्याने सांभाळायचा. म्हणजे शेकडो मालकांचे घोडे एका पागेत ओळीने उभे. आता आपल्या घोड्याचं नाक गळतंय हे कोणता स्वार आपणहून सांगेल? घोडा गेला की नोकरी गेली.

यावर शिलेदारी पलटणींनी काढलेला तोडगा म्हणजे चंदा. प्रत्येक स्वार दरमहा काही रक्कम सामाईक निधीत टाकी, आणि कुणाचा घोडा मेला किंवा निकामी ठरला की दुसरा घेताना त्यातून मदत मिळे. कागदावर हा निव्वळ हिशेब. परंतु रोग लपवण्याचं कारणच त्याने निम्मं कमी केलं, आणि या इतिहासात हेच सगळ्यात शहाणपणाचं पाऊल वाटतं. जनावर तपासणाऱ्याची नजर कितीही तीक्ष्ण असो, मालकाने आधीच नाक पुसून आणलं असेल तर तिचा उपयोग काय?

नाक पुसायची भीती खरी होती. पागेतला सर्वांत धास्तीचा रोग ग्लँडर्स. एका नाकपुडीतून चिकट स्राव, जबड्याखाली कडक गाठ, नाकाच्या पडद्यावर व्रण. हाच रोग कातडीत उतरला तर पायावर गाठींची माळ उठते, तिला फार्सी म्हणत. तो माणसालाही होतो आणि त्या काळी माणूस सहसा वाचत नसे. पलटणीतला सालोत्री, म्हणजे घोड्यांचा देशी वैद्य, रोज सकाळी नाकपुड्या उघडून बघे आणि जबड्याखाली बोटं घाले. पण कित्येक घोडे वरून धडधाकट दिसत आणि आतून महिनोन्‌महिने रोग बाळगत. ब्रिटिश हिंदुस्थानात 1879 मध्ये, आणि पुन्हा 1899 मध्ये, या एकाच रोगासाठी कायदा करावा लागला, तो याच धास्तीने.

नजरेच्या पलीकडे जाणारं पहिलं साधन 1890 च्या दशकाच्या आरंभी रशियात सापडलं. ग्लँडर्सच्या जंतूंपासून काढलेल्या अर्काला मॅलीन म्हणतात. तो निरोगी घोड्याला टोचला तर विशेष काही होत नाही. रोग आत दडलेला असेल तर घोड्याला ताप चढतो आणि टोचल्या जागी सूज येते. पुढे तो डोळ्याच्या खालच्या पापणीत टोचायची रीत पडली: एक-दोन दिवसांत पापणी सुजून डोळा मिटला, पू येऊ लागला, की निकाल लागला. सालोत्र्याच्या बोटांना न सापडणारा रोग पापणी सांगू लागली. आजारी न दिसणाऱ्या जनावराला मुद्दाम तपासणं, ही कल्पना हिंदुस्थानातल्या पागांमध्ये रुजली ती इथून.

त्याच सुमारास पुण्यात एक मोठी गोष्ट घडली. 1889 च्या डिसेंबरात तिथल्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. प्रमुख होते आल्फ्रेड लिंगार्ड. गुराढोरांचे रोग प्रयोगशाळेत शोधणारी देशातली ही पहिली सरकारी संस्था. ती पुण्यात फार टिकली नाही. 1893 मध्ये तिला कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवलं, कारण सांसर्गिक रोगांवरचे प्रयोग भर वस्तीत करणं धोक्याचं. तीच पुढे भारतीय पशुवैद्यकीय अनुसंधान संस्था झाली.

या संस्थेपुढचा मोठा शत्रू होता बुळकांडी. गुराला ताप, तोंडात फोड, मग रक्ताची हगवण आणि आठवड्याभरात मरण. गावंच्या गावं रिकाम्या गोठ्यांची. प्रयोगशाळेच्या आधीच, सरकारने गुरांच्या साथींसाठी हॅलन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाचा अहवाल 1871 मध्ये निघाला होता. गंमत अशी, की त्याच वर्षी ब्रिटिश हद्दीत गुरांच्या अतिक्रमणाचा कायदाही झाला, ज्यात कोंडवाड्याचे नियम होते. पिकात शिरलेलं जनावर कोंडवाड्यात आणा, चारापाण्याचा खर्च आणि दंड घ्या, मालकाला सोडा. कोंडवाडाही एक प्रकारचं पाळणाघरच, फक्त जबरदस्तीचं. तिथल्या वहीत जनावर कुणाचं, किती दिवस ठेवलं, किती पैसे झाले, हे लिहायचं असे. निरोगी आहे का, ही बाब वहीच्या धन्याला सुचली नाही. सरकारी दाराने जनावराला कित्येक वर्षं मालकाचंच नाव विचारलं.

बाजारातही दाखला मागत तो चोरीच्या भीतीने. तिथली तपासणी खरेदीदार आपली आपणच करी. बैलाचा ओठ वर करून दात मोजायचे: दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. मग चालवून बघायचा, खांद्यावर हात फिरवायचा, शेपटी उचलून शेण बघायचं. किंमत ठरायची ती रुमालाखाली, दलालाची बोटं दाबून. यात बैलाचं वय, चाल आणि मारकेपणा बिनचूक कळे. रोग मात्र विकणाऱ्याने लपवला तर लपे. म्हणून जाणता शेतकरी नवा बैल आणल्यावर चार-आठ दिवस वेगळ्या खुंट्याला बांधी, त्याची गव्हाण आणि पाण्याचं भांडं निराळं ठेवी. ही झाली खरी विलगीकरणाची जागा, आणि ती बाजारात नव्हती, घरामागे होती.

बुळकांडी अखेर संपली ती लसीने आणि नाक्यांवरच्या चिकाटीने. 1954 मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. भारतातली शेवटची लागण 1995 मधली. 2006 मध्ये देश रोगमुक्त ठरला आणि 2011 मध्ये जगातून बुळकांडी गेल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने मुळासकट उपटलेला हा दुसराच रोग. एवढ्या मोठ्या विजयाचं गावात कुणाला फारसं काही वाटलं नाही, कारण न आलेल्या साथीची बातमी होत नाही.

मग 2012-13 चा दुष्काळ आला. जालना शहरात नळाला दोन-दोन आठवडे पाणी येत नव्हतं, तिथे गुरांची काय कथा. मराठवाड्यात ठिकठिकाणी चारा छावण्या उभ्या राहिल्या. 2018-19 मध्ये पुन्हा तेच. छावणी म्हणजे शेडनेटच्या सावलीत एकमेकांना खेटून बांधलेली अनेक गावांची शेकडो जनावरं, मध्ये पाण्याच्या टाक्या, आणि रात्री जनावराशेजारी झोपणारा मालक. आखरात एका गावची गुरं जमत, इथे दहा गावांची. 2019 मध्ये मोठ्या जनावरामागे दिवसाला 100 रुपये, लहानामागे 50 असं अनुदान पोहोचलं, आणि जनावराच्या कानातला बिल्ला स्कॅन करून हजेरी घ्यायची सुरुवात झाली. हजेरी कशासाठी? खोटी जनावरं दाखवून पैसे लाटू नयेत म्हणून. म्हणजे कोंडवाड्याच्या वहीचाच प्रश्न, नव्या यंत्राने विचारलेला. लाळ-खुरकूत आणि घटसर्पाच्या लशी छावणीत टोचल्या जात, पण जनावर आत आल्यावर.

2022 मध्ये लम्पी त्वचारोगाने हे उणेपण उघडं पाडलं. महाराष्ट्रातली त्या साथीची पहिली नोंद 4 ऑगस्टला जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यातल्या चिनावलला झाली. जळगाव म्हणजे जालन्याची उत्तरेची शीव. गाईबैलांच्या अंगभर गाठी, ताप, पायाला सूज. चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचिडांनी पसरणारा विषाणू. सप्टेंबरात अख्खं राज्य नियंत्रित क्षेत्र ठरलं, गुरांचे बाजार आणि वाहतूक बंद झाली. आधार होता सांसर्गिक पशुरोगांच्या 2009 च्या कायद्याचा, ज्याने 1899 चा तो ग्लँडर्सचा कायदा निकालात काढला होता. शेळ्यांच्या देवीवरची लस गाईबैलांना टोचायला सुरुवात झाली.

वेळ मात्र अवघड होती. दसरा-दिवाळीनंतर जालना, बीड भागातले ऊसतोड कामगार बैलगाडीसह पश्चिम महाराष्ट्राच्या कारखान्यांवर जातात. कारखान्याचा तळ म्हणजे पुन्हा निरनिराळ्या गावांचे बैल एकत्र. उचल आधीच घेतलेल्या माणसाला बैल आजारी आहे असं सांगणं परवडणारं नव्हतं. इथे राज्याने केलेली एक गोष्ट चंद्याची आठवण करून देते: लम्पीने मेलेल्या दुधाळ जनावरामागे 30,000, ओढकामाच्या बैलामागे 25,000 आणि वासरामागे 16,000 रुपये मदत जाहीर झाली. रक्कम बाजारभावाला पुरणारी नव्हती. तरी मेलेलं जनावर गुपचूप ओढ्यात टाकण्याऐवजी पशुवैद्याला बोलवावं, याला निदान एक कारण मिळालं.

1 जून 2024 पासून राज्यात कानात बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही. बिल्ल्यावर बारा आकडे असतात. ते फोनमध्ये टाकले की मालक, जात, वय आणि टोचलेल्या लशींच्या तारखा दिसतात. कुणाचं, ही जुनी चौकशी आणि धड आहे का, ही नवी, पहिल्यांदाच एका ठिकाणी आली आहे. पण आज सकाळी अंगात ताप आहे का, हे ते बारा आकडे सांगत नाहीत. त्यासाठी कानाच्या मुळाशी हात लावावा लागतो किंवा थर्मामीटर. लम्पीसाठी आंतरराष्ट्रीय नियमावली लागणीपासून लक्षणांपर्यंतचा काळ 28 दिवसांपर्यंत धरते. आठवडी बाजार एका दिवसाचा, आणि संध्याकाळपर्यंत बैल विकून घरी जायची घाई असलेल्या माणसाला 28 दिवस थांबवायला तिथे ना जागा आहे ना चारा. ते दिवस आजही ज्याच्या त्याच्या घरामागच्या वेगळ्या खुंट्यालाच काढावे लागतात.