आम्ही धोंडोपंत

माझं नाव धोंडो. तुम्ही आत्ता हसलात, ते मला इथे बसून कळलं. रागावलो नाही. ऐंशी वर्षं हे हसू ऐकतो आहे. आता एखादा हसला नाही, तर त्याला नीट ऐकू आलं नसावं असं समजून मी नाव पुन्हा सांगतो.

मध्यंतरी एका बँकेत खात्याचे कागद नव्याने द्यायचे होते. काचेपलीकडच्या मुलीने विचारलं, "आजोबा, नाव?"

"धोंडो."

"ते आडनाव झालं. नाव सांगा."

"अगं, नावच धोंडो."

"घरातलं नको हो, आधार कार्डावरचं सांगा."

मी आधार कार्डच पुढे केलं. तिने ते दोनदा वाचलं आणि शेजारच्या खिडकीतल्या मैत्रिणीला बोलावून दाखवलं. अभयारण्यात वाघ दिसला म्हणजे जीपमधले लोक एकमेकांना असेच कोपराने ढोसतात.

एकदा मुलाकडे अमेरिकेत गेलो होतो. तिथे कॉफीच्या दुकानात गिऱ्हाईकाचं नाव विचारून कागदी पेल्यावर लिहितात. मी छातीठोकपणे नाव सांगितलं. पेला हातात आला, त्यावर लिहिलं होतं 'डॉन'. वाईच्या गणपती घाटावर जन्मभर धोंडा म्हणून वावरलेला माणूस सातासमुद्रापलीकडे जाऊन डॉन झाला! तो पेला मी धुऊन परत आणला. अजून आहे.

आता नावाचा अर्थ. धोंडा म्हणजे दगड. त्यात लपवण्यासारखं काही नाही आणि आपली भाषा लपवूही देत नाही. कुणी मूर्खपणा केला की पायावर धोंडा मारून घेतो. नको ती जबाबदारी आली की गळ्यात धोंड पडते. आमचे एक गणिताचे मास्तर माझी वही तपासून झाली की म्हणायचे, "आईबापांनी विचारपूर्वक नाव ठेवलंय." आणि लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हा आमच्या हिने सुरुवात तर झोकात केली, "संसार करीन सुखाचा, कोंड्याचा करून मांडा..." आणि एकदम थांबली. पुढचं यमक तिने मनातच ठेवलं. पण ते सगळ्या मांडवाला ऐकू आलं.

तरुणपणी मी या नावाला जरा बरं कूळ मिळवून द्यायची खटपट केली. काशीच्या गणपतीला धुंडिराज म्हणतात. चित्रपटवाल्या दादासाहेब फाळक्यांचं नाव धुंडिराज गोविंद. तेव्हा धोंडो हा धुंडिराजाचाच घरगुती अपभ्रंश, असं मी दोन-तीन ठिकाणी ठोकून दिलं. दुसरा तर्क अधिक महिन्याचा. त्याला आपण धोंड्याचा महिना म्हणतो. त्यात जन्मला तो धोंडो. जावयाला तेहतीस अनारसे मिळतात तो महिना, म्हणजे नातं गोडच. पण मी जन्मलो मार्गशीर्षात, आणि मार्गशीर्ष अधिक यावा एवढा मोठेपणा पंचांगाने माझ्यासाठी दाखवला नाही.

मग इतिहासाकडे वळलो. तिथे मात्र आमची मंडळी भक्कम निघाली. पहिला धोंड्या वाघ. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडलं आणि हा टिपूच्या कैदेतून सुटला. त्याने फौज जमवली आणि स्वतःला दोन्ही लोकांचा राजा म्हणवून घेतलं. इहलोक तर झालाच, परलोकावरही हक्क! पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलस्ली तेव्हा इकडे होता. त्याला या धोंड्याच्या मागे महिनोन्‌महिने धावावं लागलं. १० सप्टेंबर १८०० रोजी धोंड्या लढाईत पडला. त्याच्या लहान मुलाला मग वेलस्लीनेच सांभाळलं.

दुसरे नानासाहेब पेशवे. सत्तावन्नच्या उठावातले. नाना हे हाक मारायचं, कागदावर धोंडोपंत. उत्तरेतले लोक त्यांना धुंधूपंत म्हणतात. १८५८ साली इंग्रजांनी त्यांना पकडून देणाऱ्याला एक लाख रुपयांचं इनाम लावलं. माझ्या नावाला आजवर लागलेला हा सर्वांत मोठा भाव. पण तो धोंडोपंत शेवटपर्यंत सापडला नाही.

गंमत अशी, की त्याच १८५८ सालच्या एप्रिलमध्ये कोकणात दुसरा एक धोंडो जन्मला. धोंडो केशव कर्वे. विधवा विवाहाचा नुसता पुरस्कार न करता १८९३ साली त्यांनी स्वतः विधवेशी लग्न केलं. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९१६ साली महिला विद्यापीठ. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळालं आणि पोस्टाने त्यांचं तिकीट काढलं. म्हणजे एका धोंडोवर सरकारने इनाम लावलं, त्याला बरोबर शंभर वर्षं होताना दुसऱ्याला सरकारने किताब दिला. तेव्हा मी शाळेत होतो. त्या तिकिटाचं पाकीट मी त्या गणिताच्या मास्तरांच्या टेबलावर मुद्दाम विसरून आलो. महर्षी १९६२ साली गेले, १०४ वर्षांचे होऊन. दगड टिकाऊ असतो, याला आणखी पुरावा काय पाहिजे?

पण पुढे काय झालं पाहा. धोंडो पहिल्या जागेवरून मधल्या जागेवर सरकला. र. धों. कर्वे, 'गोट्या'वाले ना. धों. ताम्हनकर, रानातल्या कवितांचे ना. धों. महानोर. मराठी वाचकाने आमच्या नावाचं एक अक्षर आणि त्यापुढचा ठिपका एवढंच काय ते जपून ठेवलं. माझा मुलगा तर तेवढंही ठेवत नाही. तो इंग्रजीत नुसता 'डी' लिहितो. कुणी विचारलं तर दत्तात्रय म्हणून सांगत असावा.

त्याला तरी मी कोणत्या तोंडाने बोलू? १९६० साली शाळेत मॅट्रिकचा फॉर्म भरायचा होता. एकदा त्यावर नाव गेलं की जन्माचं चिकटलं. त्याच वर्षी 'मोगल-ए-आझम' लागला होता आणि मी दिलीप व्हायचं ठरवलं होतं. युसूफ खानला दिलीप होता येतं, तर धोंडोला का नको? राजपत्रात नाव कसं बदलायचं त्याची सगळी माहिती काढून मी आईपुढे जाऊन बसलो. आई तांदूळ निवडत होती.

माझं सगळं बोलणं तिने ऐकून घेतलं. मग मान वर न करता म्हणाली, "थोरल्याचं नाव मनोहर होतं. अकरा दिवसांचा होता. बारशाच्या घुगऱ्या भिजत घातल्या होत्या. दुसऱ्याचं वसंत. सव्वा वर्षाचा झाला होता, भिंत धरून चालायचा. नावं चांगलीच ठेवली होती, धोंडू."

एवढंच बोलली आणि ताट घेऊन आत गेली. माझ्याआधी दोघे होते, हे मला त्या दिवशी कळलं. फॉर्मवर मी धोंडो लिहिलं. पुन्हा तो विषय काढला नाही.

मग आजूबाजूला पाहिलं, तर घरोघर हीच तऱ्हा. मूल जगत नसलं की पुढच्याला असं नाव द्यायचं, की दृष्ट लागू नये आणि यमालाही वाटावं, हे काय न्यायचं! म्हणून कुणी दगडू, कुणी केरू, कुणी भिकू. कुणी जन्मलेलं मूल शेजारणीला देऊन मूठभर कोंड्याच्या बदल्यात परत विकत घेई. तो कोंडिबा. पुण्यात ज्या गणपतीसमोर रांगा लागतात त्याच्या दगडूशेठांचं नावही याच जातीचं. खोटारडेपणाच होता हा, पण देवाशी आणि मुलाच्या जिवासाठी.

मुलींची गोष्ट मात्र वेगळी. नकुशा हे नाव दृष्ट चुकवायला नव्हतं, ते खरंच होतं. आमच्याच सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा २८५ मुलींना समारंभ करून नवी नावं दिली. आम्हाला बाहेर दगड म्हणत आणि आत तळहातावर ठेवत. त्यांना आत-बाहेर एकच नाव होतं. त्यामुळे माझ्या नावाची तक्रार मी त्या दिवसापासून बंद केली.

मग धोंडो गेले कुठे? लोक म्हणतात, फॅशन बदलली. मला ते पटत नाही. आमचं नाव मोडीत काढलं ते देवी डॉक्टरांनी. तेच, पेटी घेऊन शाळेत आले की आम्ही मागच्या खिडकीतून पळायचो. त्यांनी आणि त्यांच्यामागून आलेल्या लशी, सलाइन आणि गावोगावच्या नर्सबाईंनी. १९५१ च्या सुमाराला आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार मुलांतली १४६ पहिला वाढदिवस पाहत नसत. २०२० साली महाराष्ट्रात हा आकडा १६ वर आला होता. १९७५ नंतर देवीचा रोग देशात कुणाला इथे लागला नाही. मूल जगणार अशी खात्री वाटू लागली, तसे आईबाप पाळण्यात बिनधास्त सुंदर नावं म्हणू लागले. यमाला फसवण्याचं कारणच उरलं नाही. हजारी १६ हाही आकडा थोडा नाही, पण त्या सोळा घरांतसुद्धा आता कुणी दगडाच्या भरवशावर बसत नाही, दवाखाना गाठतं.

गेल्या वर्षी मुलीच्या मुलीला मुलगा झाला. बारशाच्या आदल्या दिवशी ती माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "आबा, जुनी नावं परत येताहेत. बाळाचं नाव धोंडो ठेवू? एकदम हटके. वर्गात दुसरा नसेल."

जन्मभर या क्षणाची वाट पाहिली असं वाटलं. आणि तोंडून निघालं, "नको."

"का हो? तुम्हाला आवडणार नाही?"

"आवडेल. पण आता गरज नाही."

तिला ते कळलं नसावं. बरंच झालं. दुसऱ्या दिवशी थाटात बारसं झालं. नाव ठेवलं अद्वैत. त्याच्या वर्गात आणखी चार अद्वैत निघतील, सगळे ठणठणीत असतील.

पाळण्याभोवतीची गर्दी पांगल्यावर मी काजळाची डबी शोधून काढली आणि बाळाच्या गालावर तीट लावली. नातीने पाहिलं आणि ओरडली, "आबा, केवढी मोठी! सगळे फोटो खराब होतील."

होईनात का.